डुकरापुरतं मीठ

१७ नोव्हेंबर १७८८, सोमवार

आज डुक्कर कापलं. दादानं पाय धरले, बाबांनी सुरी फिरवली, मी रक्ताखाली परात धरली. शेजारची पेरीनमावशी आतडी धुवायला आली. सगळं नीट झालं. आणि मग सगळे पिंपाकडं बघत उभे राहिले. पिंप रिकामं. मीठच नाही!

म्हणजे मीठ आहे. मडक्यात सक्तीचं मीठ आहे, दर घरानं वर्षाला घ्यायचंच ते. पण ते फक्त पानात आणि सुपात. डुकराला लावायचं तर वेगळं मीठ विकत घ्यायचं आणि वेगळा कागद करून आणायचा. मावशीच्या दिरानं गेल्या साली मडक्यातलंच लावलं, तर मिठाच्या शिपायांनी पिंप आडवं करून डुक्कर नेलं. वर दंड. मीठ ते मीठ! त्याला काय कळतंय आपण सुपात पडलो का डुकरावर. पण राजाला कळतं म्हणे.

बाबा म्हणाले, "विकून टाकायला पाहिजे होतं जिवंतच."

दादा म्हणाला, "आणि हिवाळाभर काय चघळायचं? माग?"

माग बंद आहे ऑगस्टपासून. इंग्रजांचं कापड आलंय, स्वस्त. शहरातला व्यापारी आमचं जवसाचं कापड दोन बोटांनी उचलतो, बघतो आणि खाली टाकतो. बाबांचे हात चांगले आहेत, सगळा गाव सांगतो. पण व्यापारी हात बघत नाही. जुलैत गारा पडल्या आणि गहू आडवा झाला, त्यामुळं पाव तर आम्ही लांबूनच बघतो.

हवा दमट आहे. मांस आठवडाभर टिकेल, फार तर दहा दिवस.

१८ नोव्हेंबर

दादा ओढ्यापलीकडून मीठ आणणार! पलीकडं ब्रिटनी, आपल्याच राजाचा दुसरा प्रांत. तिथं मिठावर राजाचा कर नाही. इथं ज्या मापाला बारा सू नाणी, त्याला तिथं एकच. मधे ओढा, ओढ्यात गुडघाभर पाणी. बस. गावातल्या निम्म्या घरांनी कधी ना कधी आणलंय. पण दादानं कधीच नाही. बाबांनी आईच्या थडग्यावर हात ठेवून त्याच्याकडनं वचन घेतलं होतं.

मी म्हणाले, बाबा?

"बाबांना कळणारच नाही. पहाटे जाऊन उजाडताना परत. डुकरापुरतंच आणायचंय गं, विकायला थोडंच!"

मग म्हणाला, तू पुढं चालायचं.

मी!

या कामाची रीत सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी मोकळ्या हातानं पुढं चालतं, दुधाची चरवी घेऊन. शिपाई दिसले तर हरवलेल्या गाईला मोठ्यानं हाक मारायची. मागचा ऐकतो आणि ओझं टाकून पळतो. हे मावशीची थोरली करायची, ती लग्न होऊन गेली.

दादा म्हणाला, "अगं मुके, माणसाशी कुठं बोलायचंय तुला? गाईशी बोलायचंय. गाईशी तर बोलतेस ना दिवसभर!"

खरंय ते. रूसेतशी मी बोलते. माणूस समोर आलं की माझा गळा कुणीतरी मुठीत धरतं. फादरच्या शाळेत पाठ यायचं सगळं, आणि उभं केलं की एक अक्षर नाही. आई गेली तेव्हा अकरा वर्षांची होते. सूत कातायची चाती माझ्याकडं आली, शाळा सुटली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. फादर मात्र अजून जुने कागद देतात पाठकोरे, म्हणतात अक्षर गंजू देऊ नकोस. म्हणून हे लिहिते. कागद समोर असला की गळा मोकळा असतो.

१९ नोव्हेंबर

गोठ्यात जाऊन हाक मारून बघितली. रूसेत! ए रूसेत! चांगली मोठी आली. रूसेत माझ्याकडं बघायला लागली, मी तर इथंच आहे, ओरडतेस काय, असं.

उद्या पहाटे.

२० नोव्हेंबर

दादाला धरलं.

२१ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते. सगळं लिहिते. कुणाला सांगणार नाही म्हणून इथं तरी.

जाताना काहीच झालं नाही. पलीकडच्या शेतकऱ्याच्या घरी दादानं पाठीला पोतं बांधलं. त्या बाईनं मला सफरचंदाचं गरम सायडर दिलं, मी आभार पण मानले नाहीत. परतताना धुकं इतकं की चरवीची कडी हातात आहे ती पण दिसेना. ओढा ओलांडला. मी पुढं, दादा शंभर पावलं मागं. उजाडत होतं.

वाटेच्या वळणावर दोघं उभे होते. निळे कोट. इतके जवळ की एकाच्या मिशीवरचं पाणी दिसलं.

मी तोंड उघडलं.

त्यातला म्हातारा होता तो टोपी वर करून म्हणाला, "गाय शोधतेस काय गं पोरी?"

एवढंच. चांगल्या आवाजात. आमच्या बाजूचा पण नसेल तो, बोलण्यावरून. मी नुसतं हो म्हणून मोठ्यानं हाक मारायची होती. रूसेत! तीनच अक्षरं. तो आपणहून तोंडात देत होता!

गळा बंद. मी मान हलवली. नाही म्हणून.

मग मागनं पावलं आली. दादाचे लाकडी बूट, मला ओळखू येतात ते. येताहेत, येताहेत, जवळ येताहेत. म्हाताऱ्यानं पण ऐकलं. त्यानं बोट ओठावर ठेवलं. मला म्हणाला, शू!

मला!

दादा धुक्यातनं थेट त्यांच्या अंगावर आला. पळायचा प्रयत्न केला, पण पोतं ओलं होऊन जड झालं होतं. तरण्या शिपायानं त्याला पाठीवरच पाडलं. दादानं माझ्याकडं बघितलं. मग चटकन तोंड फिरवलं आणि म्हणाला, "ही कोण? मी ओळखत नाही हिला."

मी घरी आले. चरवी हातातच होती.

२२ नोव्हेंबर

शिपाई घरी येऊन गेले. चूल उकरली, गादी फाडली, मागाखाली हात घातला. काही नव्हतं. तरणा डुकराकडं बघून हसला, "याला आता काय लावणार? साखर?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं आता विचारतील, तू कुठं होतीस त्या पहाटे. नाही विचारलं.

२६ नोव्हेंबर

थंडी पडली. एका रात्रीत. विहिरीचा दोर काठीसारखा ताठ. डुक्कर गोठ्यात टांगलंय ते दगड झालंय. मावशीनं सुरी मारली तर सुरीच वाकली. म्हणाली, "आता चार महिने ठेवलं तरी काही होत नाही याला."

मिठाची गरजच नव्हती. सहा दिवस. सहाच दिवस थांबायचं होतं!



३० नोव्हेंबर

मावशीनं तुकडा कुऱ्हाडीनं फोडून शिजवला. बाबांनी खाल्ला नाही. मी पण नाही.

९ डिसेंबर

शहरात गेले, तुरुंगात. मावशीच्या दिराच्या गाडीतनं. बाबा आले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. त्यांचा पाय कधी दुखत नाही.

दादा खाली तळघरात, तीस-चाळीस जण पेंढ्यावर. निम्मे मिठाचेच. एक बाई होती, पोरगं पाजत होती तिथंच. दादाची दाढी वाढलीय, म्हातारा दिसतो. मी काळ्या गव्हाची धिरडी नेली होती. त्यानं ती वाटून टाकली आणि शेवटचं अर्धं खाल्लं.

म्हणाला, "बाबा कसे आहेत? माग सुरू झाला?"

मी मान हलवली.

"डुक्कर?"

काय सांगू? डुक्कर छान आहे, दादा. मी मान हलवली.

मग तो हळूच म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं मातू. तुला दिसलेच नसणार ते. धुकंच तसलं होतं. मला तरी कुठं दिसले!"

इथं सांगायचं होतं. समोर तोच होता, माझा दादा, परका माणूस नाही. दिसले रे मला. त्यांची मिशी पण दिसली.

मी मान हलवली. हो म्हणून. धुकं होतं म्हणून.

आता हे खोटंच त्याच्याजवळ राहणार.

२५ डिसेंबर

देवळात वाइन गोठली कपात. फादरनी श्वास फुंकून वितळवली. दोन म्हातारी माणसं गेली या आठवड्यात, जमीन खणताच येत नाही, मागच्या खोलीत ठेवलीत. पाव आणखी महाग. गिरणीचं चाक बर्फात अडकलंय. गिरणी जमीनदाराची, दुसरीकडं दळायला बंदी, आणि तिचं चाक हलत नाही!

बाबा अजून बोलत नाहीत. म्हणजे आण, ठेव, दार लाव, एवढं बोलतात. त्यांना कळलंय. मला खात्री आहे. त्यांना कळलंय की मी होते तिथं आणि माझी दातखीळ बसली. म्हणून माझ्याकडं बघत नाहीत.

१४ जानेवारी १७८९

निकाल लागला. दंड. न भरल्यास ब्रेस्तच्या बंदरात तीन वर्षं साखळीत मजुरी. दंड एवढा की माग, गाय, गोठा सगळं विकलं तरी पुरायचा नाही. आणि या सालात माग घेणार कोण!

४ फेब्रुवारी

कैद्यांची साखळी निघाली आज. शहराच्या वेशीवर उभी होते पहाटेपासून. बाबा आले या वेळी. पण मागं, झाडापाशी उभे राहिले.

चाळीस जण, दोघा-दोघांच्या गळ्याला कडी, मधनं लांब साखळी. दादाचा जोडीदार एक म्हातारा, त्यानं म्हणे कुत्र्यांच्या पाठीला बांधून मीठ आणलं होतं. कुत्र्यांना पण शिक्षा झाली का म्हणून विचारतो, आणि स्वतःच हसतो.

मी दादापर्यंत पोचले. पहारेकऱ्यानं हाकललं नाही. दादानं सदरा खांद्यावरनं ओढला. तापल्या लोखंडानं डागलेलं, अजून ओलं होतं. तीन अक्षरं.

"मातू, तुला वाचता येतं ना. काय लिहिलंय? कुणी सांगेना नीट."

मी वाचलं. आवाज आला माझा, अगदी बारीक. म्हणाले, "बंदरातल्या कैद्यांची खूण आहे."

"हात्तिच्या! मला वाटलं राजाची सही असेल. एवढ्या लांब पाठवतोय, म्हटलं सही तरी करील."

म्हातारा खदखदून हसला. साखळी एकच ना, दादाची मान पण हलली त्याच्याबरोबर.

मग चाबूक वाजला आणि सगळे एकदम निघाले. मी धावले थोडं. बाबा झाडापाशीच. दादा मागं वळून कुणालातरी शोधत होता, मला नाही, मी तर बाजूलाच होते. बाबांना शोधत होता. बाबा झाडाआड सरकले. मी बघितलं!

असं कुणी करतं का? पोटच्या पोराला?

१५ फेब्रुवारी, रविवार

मोठी गोष्ट झाली! आज फादरनी राजाचं पत्र वाचून दाखवलं. राजाची तिजोरी रिकामी झालीय, आणि तो साऱ्या राज्यातनं माणसं बोलावतोय सभेला, पावणेदोनशे वर्षांत झाली नाही अशी. आणि दर गावानं आपली गाऱ्हाणी वहीत लिहून द्यायची. अगदी टोकाच्या गावातल्या, कुणाला ठाऊक नसलेल्या माणसाचं गाऱ्हाणं पण आपल्यापर्यंत पोचावं अशी राजाची इच्छा आहे म्हणे.

कुणाला ठाऊक नसलेला माणूस. म्हणजे दादाच की!

त्याला माहीतच नसणार. राजाला. मधले लोक सांगत नाहीत त्याला. एक तरणा पोरगा डुकरापुरतं मीठ आणायला गेला आणि साखळीत घातला, हे कळलं तर कुठला माणूस गप्प बसेल?

पहिल्यांदा झोप लागेल आज असं वाटतंय.

१ मार्च, रविवार

सभा देवळातच झाली. पंचविशीच्या पुढचे, कर भरणारे पुरुष आत. बायका नाहीत. मी मागच्या खोलीच्या दाराआड उभी होते, मेणबत्त्या पुसायच्या निमित्तानं.

ग्रांदँ, आमचा गावकारभारी, शहरातनं छापलेला नमुना घेऊन आला होता. "कुणा वकिलानं केलाय. नुसतं गावाचं नाव घालायचं, सह्या करायच्या. दुपारपर्यंत मोकळे!"

फादरनी वाचायला घेतलं. चौथं कलम, द्राक्षमळेवाल्यांवर होणारा अन्याय.

लोहार म्हणाला, "द्राक्षं? आपल्या गावात?"

"राहू दे की! राजाला काय कळतंय."

"अरे, उद्या तो द्राक्षांवर कर लावील आपल्याला, तुम्हीच म्हणालात म्हणून!"

सगळे हसले. मग नमुना बाजूला पडला आणि जो तो बोलायला लागला. जमीनदाराची कबुतरं पेरलेलं खातात आणि त्यांना मारता येत नाही. ज्याला शंभर एकर त्याला कर नाही, ज्याला परसू त्याला कर. गिरणी. रस्त्याचं फुकट काम. इंग्रजी कापड, ते बोलताना तर पाच-सहा विणकर एकदम उठले. आणि मीठ. मीठ म्हटल्यावर देवळात असा आवाज झाला की मेणबत्ती माझ्या हातनं पडली. मावशीचा दीर रडत होता. त्याच्या त्या डुकरासाठी! दीड वर्ष झालं.

फादर लिहीत होते. मग थांबले आणि म्हणाले, "मिशेल, तू बोल. तुझ्या पोराबद्दल, रनेबद्दल. तुझ्याएवढा हक्क इथं कुणाचा नाही."

बाबा उभे राहिले. टोपी हातात, गोल गोल फिरवताहेत. मी दाराआडून मनात म्हणत होते, बोला, बोला, बोला.

बसले.

"काही नाही," म्हणाले. "लिहिलंय तेवढं पुरे आहे."

ग्रांदँ म्हणाला, "बरोबर आहे. एकेकट्याची नावं घालत बसलो तर वही नाही, गाडा लागेल."

मी घरी आले आणि बाबांचं सूप त्यांच्यापुढं आदळलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते सांडलेलं सूप बोटानं टेबलावर पसरवत बसले.

मला त्यांचा राग येतो. माझा मला येतो त्याहून जास्त येतो, आणि ते बरं वाटतं.

३ मार्च

फादरची बोटं थंडीनं सुजून फुटलीत. मला बोलावलं. वहीच्या दोन नकला पाहिजेत उद्यापर्यंत. एक गावात राहणार, एक ग्रांदँ घेऊन जाणार वरच्या सभेला. "तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं," म्हणाले.

सबंध दिवस लिहिलं. गावाची वही आधी केली, मग जाणारी. शेवटचं कलम झालं. खाली चार बोटं जागा होती.

मी लिहिलं.

विणकर मिशेलचा मुलगा रने, वय एकोणीस, याला ब्रेस्तला नेलं आहे. त्यानं घरच्या डुकरापुरतं मीठ आणलं. ते आणताना ज्यानं हाक मारायची त्यानं मारली नाही. चूक रनेची नाही. त्याला घरी पाठवा.

फादर आले, कागद उजेडाकडं धरला. वाचत खाली आले. खालपर्यंत आले. मी पायाकडं बघत होते. त्यांनी वाळूची डबी घेतली, शाईवर वाळू टाकली, फुंकली आणि घडी केली.

"चांगलं लिहिलंस," म्हणाले. बाकी काही नाही.

८ मार्च

ग्रांदँ गेला वही घेऊन. नवे बूट घालून. मी वेशीपर्यंत गाडीमागनं गेले. त्याला वाटलं त्याच्यासाठीच आलेय, टोपी हलवली त्यानं.

१९ मार्च

ग्रांदँ परत आला. तिथल्या जेवणाचंच सांगतोय सगळ्यांना. तीन प्रकारचं मांस! विचारायचं होतं, वही दिलीत का? कुणाच्या हातात? दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन आले.

२ एप्रिल

फादरना विचारलं, राज्यात गावं किती. मी विचारलं! ते पण चकित झाले. म्हणाले चाळीस हजार तरी असतील.

राजा सकाळी उठून वाचायला बसला, रात्री दिव्यापर्यंत, दिवसाला शंभर वह्या धरल्या, तर चारशे दिवस. पण त्याच्या हाताखाली माणसं असतील. मोठ्यानं वाचून दाखवणारी. आणि आमची वही वर पण असू शकते.

१२ एप्रिल, ईस्टर

डुक्कर संपलं. थंडी गेल्यावर वास यायला लागला, शेवटचा पाय पुरला.

२० एप्रिल

सुया-दोरा विकणारा फेरीवाला ब्रिटनीतनं आला. त्यानं साखळी बघितली होती फेब्रुवारीत. म्हणाला, बर्फात चार जण गेले वाटेतच. कडं कापून रस्त्याकडंला ठेवलं.

नावं? नावं कुणाला माहीत!

एक म्हातारा होता का त्यात, हसणारा? मी विचारलं नाही. तो सुया मोजून निघून गेला.

२१ एप्रिल

चाळीस जण होते. चार गेले. छत्तीस राहिले. दादा छत्तिसातला आहे.

१० मे

फादर म्हणाले, सभा सुरू झाली. राजाच्या वाड्यापाशी. मोठी मिरवणूक निघाली. आता वाचतील.

२८ मे

काही नाही. फादर म्हणतात, मतं माणशी मोजायची का पाद्री, सरदार आणि आपण अशा तीन वर्गांप्रमाणं यावरच भांडताहेत तीन आठवडे. मग वाचतात कधी?

पाव आता अर्धा कोंड्याचा. शहरात बायकांनी धान्याचा गाडा अडवला म्हणे. मावशी म्हणाली, मी असते तर घोडा पण खाल्ला असता.

७ जून, रविवार

विहिरीवर होते. ग्रांदँ घोड्याला पाणी दाखवायला आला. मावशीनं सहज विचारलं, "काय हो कारभारी, आपली वही वाचली का राजानं? कबुतरांचं काय झालं?"

तो हसायला लागला. "राजानं? अगं बाई, सातशेवर गावं जमली होती तिथं! सगळ्या वह्यांची मिळून एकच वही केली. ती गेली पुढं."

"आणि आपली?"

"बांधली गठ्ठ्यात आणि टाकली कपाटात. मीच टाकली की."

"मिठाचं तरी घातलं का त्या मोठ्या वहीत?"

"घातलं ना. एक ओळ. मिठावरचा कर रद्द व्हावा. चांगली ठसठशीत ओळ आहे."

घोडा पाणी पीत होता. मी बादली ओढत होते, आणि ओढतच राहिले. बादली काठावर येऊन आपटली तरी.

मार्चपासून. मार्चपासून ते कपाटात आहे! हा माणूस एकोणीस मार्चला परत आलाय. मी एकदा, एकदाच दार वाजवून विचारलं असतं तर तीन महिने वाट बघितली नसती. फादरना सांगून वेगळा कागद लिहिला असता, ब्रेस्तला लिहिला असता, कुणालातरी. मी विचारलं नाही. पुन्हा मीच.

८ जून

चाती हातात घेतली, सूत तुटतं.

१० जून

राजा वाचणार नाही. दादाला कुणी सोडणार नाही. आणि चूक कुणाची हे साऱ्या जगात फक्त एका कपाटाला माहीत आहे. त्यात पण मी माझं नाव लिहिलं नव्हतं. ज्यानं हाक मारायची त्यानं, असं लिहिलं. ज्यानं! तिथं पण भित्रीच.

बाबांना सांगणार आहे. त्यांना कळलंय हे मला माहीत आहे, पण माझ्या तोंडून कळलेलं नाही. मारलं तर मारू दे. घरातनं काढलं तर मावशीकडं जाईन. दादा झाडाकडं बघत होता आणि ते आड झाले, ते पण विचारणार आहे.

१३ जून

आज सांगितलं. मागापाशी बसले होते, हात धोट्यावर, धोटा रिकामा. मी समोर जमिनीवर बसले म्हणजे तोंड बघायला नको. आवाज आला. अडकत आला, पण आला. वळण, निळे कोट, मिशी, टोपी, मान हलवली ते, तुरुंगातलं खोटं, सगळं. म्हणाले, मला दिसले होते बाबा आणि मी ओरडले नाही.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

म्हणाले, "तुम्ही निघालात तेव्हा मी जागा होतो. मागनं आलो. त्या वळणापाशी कुंपणाआड तुमची वाट बघत होतो गं. ते मला तुझ्या आधी दिसले."

मग म्हणाले, "मी पळालो."